दोन मजली 'बघू'

या घरात 'बघू' या शब्दाला दोन मजले होते. खाली, लाँड्रीच्या काउंटरवर, आई 'बघू' म्हणाली की गिऱ्हाईक निश्चिंत मनाने घरी जायचं. कपडा वेळेवर मिळणार, याची खात्री असायची. वर, राहत्या घरात, तीच आई त्याच सुरात 'बघू' म्हणाली की विषय संपला. अशा रीतीने सायकल आली नाही, सहल झाली नाही, कुत्रा तर जिन्यापर्यंतसुद्धा पोचला नाही. आणि तरी आईने मुलांना आयुष्यात कशालाच 'नाही' म्हटलं नव्हतं.

हे सगळं माहीत असून थोरल्याने चूक केली. कॉफीच्या दुकानांची साखळी असलेल्या एका कंपनीला कोपऱ्यावरची ही जागा हवी होती, वरच्या मजल्यासकट. देऊन टाकू का, असं त्याने आईला विचारलं ते डिसेंबरच्या सुरुवातीला, आणि विचारलं खाली, काउंटरवर. आई एका सूटला नंबराची चिठ्ठी टाचत होती. म्हणाली, "बघू." थोरला विमा कंपनीत अधिकारी होता. एका स्वल्पविरामावरून लोकांचे दावे नाकारण्यात त्याची हयात गेली होती. त्याने त्याच संध्याकाळी कंपनीला शब्द दिला.

नाताळ तोंडावर आला तेव्हा त्याने फोन करून सांगितलं की नवीन वर्ष लागलं की माणसं मोजमाप घ्यायला येतील.

"कसलं मोजमाप?" आईने विचारलं.

"तू बघू म्हणालीस ना."

"मी वरचं बघू म्हणाले होते."

"पण आपण खाली होतो, आई."

"मी खाली होते. विषय वरचा होता."

यावर विमा कायद्यात तरतूद नव्हती.

डिसेंबर हा लाँड्रीच्या दृष्टीने डागांचा महिना. पहिल्या पंधरवड्यात लोक वर्षभर कपाटात घुसमटलेले कोट आणून टाकतात, आणि शेवटच्या आठवड्यात तेच कोट वाइन, मेणबत्तीचं मेण आणि दुसऱ्याच्या लिपस्टिकसकट परत आणतात. दोन्ही वेळा म्हणतात, डाग कसा काय पडला कोण जाणे. मोठ्या दुकानांतले सांताक्लॉज आपले लाल पोशाख पोत्यात भरून पाठवतात. मांडीवर बसलेल्या प्रत्येक मुलाने काय खाल्लं होतं ते त्या पोशाखांवर वाचता येतं. आनंदाचा सण आहे, आणि आनंद सहसा निघत नाही. भिजवून ठेवावा लागतो.

वर्षातला एकच दिवस दुकान बंद असायचं, नाताळचा. त्या दिवशी सगळे दुकानातच जेवायचे. वरचं टेबल सहा माणसांना पुरत नव्हतं, म्हणून कपड्यांच्या घड्या घालायच्या लांब टेबलावर चादर अंथरायची, शटर अर्धं खाली ओढायचं, आणि डोक्यावर लटकणाऱ्या प्लास्टिकमधल्या सुटांच्या रांगेखाली बसायचं. जेवणानंतर केक, आणि केकनंतर संकल्प.

संकल्पाची रीत बाबांनी घातलेली. माणूस स्वतःचा संकल्प स्वतः करतो म्हणून तो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मोडतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. म्हणून या घरात प्रत्येकाने आपल्या डाव्या हाताला बसलेल्या माणसाचा संकल्प सांगायचा. एका वाक्यात. तो नाकारायचा नाही, पुढच्या नाताळपर्यंत पाळायचा. या रीतीपायी थोरल्याच्या मिशा गेल्या होत्या, आणि एका वर्षी खुद्द बाबांना शिट्टी वाजवणं सोडावं लागलं होतं. यंदा वसंतात बाबा गेले. रीत राहिली, कारण ती मोडायची कशी हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हा या वर्षी सगळा प्रश्न एका खुर्चीचा होता. जो आईच्या उजव्या हाताला बसेल, त्याच्या डावीकडे आई. दुकान राहणार की जाणार, ते तो एका वाक्यात ठरवणार.

थोरला सगळ्यांच्या आधी पोचला. वाफेच्या इस्त्रीजवळ आईची नेहमीची खुर्ची होती. तिच्या उजवीकडच्या खुर्चीवर त्याने आपला कोट टाकला आणि गाडीतून केक आणायला गेला. वाटेत कंपनीच्या माणसाचा फोन आला. त्याने त्याला नाताळच्या शुभेच्छा दिल्या, काही काळजी करू नका म्हणाला, आणि केक घेऊन परतला तर खुर्चीवर कोट नव्हता. मशीन फिरत होतं.

"आई, माझा कोट?"

"बाहीला तेल होतं."

"मी धुवायला टाकला नव्हता. जागा धरली होती."

"अंगावर नसलेला कपडा दुकानाचा. लहानपणापासून ऐकतोयस."

खरं होतं. या दुकानात बिनमाणसाचा कोट ठेवून जागा धरणं म्हणजे मांजराच्या ताटात मासा ठेवून नंबर लावणं. थोरला नुसत्या शर्टावर उभा राहिला. त्याला थंडी वाजत होती आणि ते तो कबूल करणार नव्हता.

त्याच वेळी शटरखालून वाकून त्याची बहीण आत आली. ती शाळेची मुख्याध्यापिका होती. घरात तिला हेडबाई म्हणत, आणि तिला ते कौतुक वाटे. तिने एका नजरेत खुर्च्यांची हजेरी घेतली, तडक जाऊन त्या रिकाम्या खुर्चीत बसली आणि पर्स मांडीवर ठेवली. कोटाचं काय झालं ते तिने शटरबाहेरूनच ऐकलं होतं.

"ऊठ," थोरला म्हणाला.

"का? नाव लिहिलंय?"

"आपलं ठरलंय ना, दुकान द्यायचं म्हणून? मग मी सांगतो, नाहीतर तू सांग. काय फरक पडतो?"

"दुकान द्यायचं हे ठरलंय, दादा. आईने त्यानंतर कुठे राहायचं हे तू एकट्याने ठरवलंयस."

"तुझ्याकडची हवा तिला मानवते."

"माझ्या नवऱ्याला विचार. हवा तुझ्याकडे चांगली आहे."

हेडबाईंचा नवरा मागोमाग आत येत होता. तो वेधशाळेत होता. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो म्हणाला, "दोन्हीकडे अंशतः ढगाळ," आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, काउंटरजवळच्या खुर्चीत जाऊन बसला. ती जागा कुणालाच नको होती. जावईबापूंची जागा साधारण अशीच ठरायची.

वर स्वयंपाकघरात सून, थोरल्याची बायको, भांडी काढत होती. ती दातांची डॉक्टर होती, आणि पाहताक्षणी किडलेलं ओळखायची तिला सवय होती. दुकान गेलं की वरचा मजला गेला. वरचा मजला गेला की सासूबाई कुठेतरी जाणार. नणंदेचा आवाज जिन्यातून वर येत होता, आणि आवाजाची दिशा सुनेच्या घराकडे होती.

आतल्या खोलीतून धाकटा जांभया देत आला. तो रेडिओवर रात्रीची गाणी लावायचा आणि दिवसा झोपायचा. लग्न केलं नव्हतं, घर केलं नव्हतं. 'आईकडे लक्ष ठेवतो' या सबबीवर तो वरच्या मजल्यावर राहायचा. लक्ष बहुधा दुपारी बारानंतर सुरू व्हायचं.

"महिनाभर तीच घंटांची गाणी लावतोय," तो म्हणाला. "काल एका श्रोत्याचा फोन आला, म्हणे बंद करा. मी म्हटलं, काका, एकतीस तारखेपर्यंत दम धरा, मग नवीन वर्षाची लावतो. म्हणाले, ती तरी वेगळी आहेत का?"

"भाऊजी," सून म्हणाली, "दुकान गेलं तर तुम्ही कुठे राहणार?"

धाकट्याचा हात बिस्किटांच्या डब्यावरच थांबला. हा विचार त्याला सुचला नव्हता. दुकान म्हणजे खालचं, तो म्हणजे वरचा, अशी त्याची समजूत होती.

"म्हणून म्हणते, दुकान राहू दे. आई वर, तुम्ही वर. सगळे सुखी."

"वहिनी, तुम्ही पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलताय."

"मी माझ्या पाहुण्यांच्या खोलीच्या बाजूने बोलतेय. बशा घ्या."

अशी नाताळच्या दुपारी त्या घरात एक युती झाली. आदल्या आठवड्यातली एक युती खाली त्याच वेळी मोडत होती, त्यामुळे एकूण हिशेब सारखाच राहिला.

सगळं खाली आलं. धाकटा आणि सून शेजारीशेजारी बसले, सुनेच्या डावीकडे हेडबाई, तिच्या डावीकडे आईची रिकामी खुर्ची. थोरल्याने खुर्चीच्या पलीकडची जागा घेतली. निदान उजवं नाही तर डावं. जावईबापू त्याच्या पलीकडे. आई केक घेऊन आली. तिने टेबलाकडे पाहिलं. आपल्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी पडलेला वेढा पाहिला. मग ती सरळ चालत गेली आणि काउंटरमागचं उंच स्टूल ओढून टेबलाच्या काउंटरकडच्या टोकाला बसली.

"तुझी खुर्ची तिकडे आहे," हेडबाई म्हणाली.

"इथून शटर दिसतं."

"आज सुट्टी आहे."

"सुट्टी आपल्याला आहे. डागांना नाही."

आता तिच्या डाव्या हाताला धाकटा होता. उजव्या हाताला जावई. म्हणजे आईचा संकल्प आता जावई सांगणार होता. मग एकदम सगळ्यांना जावईबापूंची काळजी वाटू लागली. त्यांना बटाटे मिळाले का, पाठीला वारा लागतोय का.

जावयाने आयुष्यात ठाम वाक्य एकदाच उच्चारलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बाबांनी सकाळी फोन करून विचारलं होतं, गच्चीवर ब्लँकेटं वाळत घालू का? तो म्हणाला होता, घाला, पाऊस येणार नाही. त्या दिवशीची ओली ब्लँकेटं बाबांनी आणि आईने जिन्यावरून उतरवली होती. नंतर बाबांनी रोज फोन केला, पण एकदाही त्या दिवसाचा उल्लेख केला नाही. तेव्हापासून जावई फक्त शक्यता सांगत असे. स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा त्याने बायकोला 'एकंदरीत समाधानकारक' म्हटलं होतं, आणि ती आठवडाभर बोलली नव्हती.

जेवण उरकून केक निघाला तेव्हा थोरला त्याच्या कानाशी वाकला. "एकच वाक्य. आईने दुकान द्यायचं. बस."

समोरून हेडबाईंच्या भुवया म्हणाल्या, आणि दादाकडे राहायचं. सुनेने त्याला केकचा मोठा तुकडा वाढला. धाकट्याने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला, त्याचा अर्थ मात्र कुणालाच लागला नसता.

"बाबा सुरुवात करायचे," आई म्हणाली. "आता मी करते." ती धाकट्याकडे वळली. "येत्या वर्षी रोज सकाळी आठला शटर तू उघडायचंस."

"आठ म्हणजे सकाळचे?"

"सकाळी म्हटलं ना मी."

धाकट्याने सुनेकडे पाहिलं. दुकान राहण्यात एवढं काम असेल असं युतीत ठरलं नव्हतं. तो चिडून म्हणाला, "वहिनींनी जेवताना कुणाच्या दातांकडे बघायचं नाही."

सुनेने त्याच्या वरच्या दाढेवरची नजर काढून घेतली. "ताईंनी घरी घंटा वाजवायची नाही."

"मी कुठे वाजवते?" हेडबाई म्हणाली.

"वाजवते," जावई हळूच म्हणाला. "म्हणजे, तशी शक्यता नाकारता येत नाही."

हेडबाईंनी ते पुढच्या रविवारसाठी राखून ठेवलं आणि रिकाम्या खुर्चीवरून भावाकडे पाहिलं. "दादाने विचारल्याशिवाय कुणालाही शब्द द्यायचा नाही."

हा घाव वर्मी बसला. पण थोरल्याला उत्तर द्यायला वेळ नव्हता. त्याच्या डावीकडे जावई होता, आणि जावयाच्या तोंडून येणारं वाक्य अंशतः ढगाळ निघालं तर सगळंच मुसळ केरात. त्याने अधिकाऱ्याच्या आवाजात सांगितलं, "जावईबापूंनी येत्या वर्षी ठाम बोलायचं. शक्यता नाही, अंदाज नाही, अंशतः नाही. एकच वाक्य, आणि तेही आत्तापासून."

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पण हे त्याला कळायला अजून थोडा अवकाश होता.

जावयाने तोंड पुसलं. त्याने आईकडे पाहिलं. ती स्टुलावर बसून, सवयीने, उजव्या हाताने डावा खांदा दाबत होती. ओली ब्लँकेटं तो खांदा अजून उचलत होता. आता दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. जावयाच्या मनात आलं की या घरातले सगळे तिच्याकडून एक शब्द काढू बघतायत, आणि तो शब्द कोणता ते तिचं तिलाही ठाऊक नसावं. वेधशाळेत याला अस्थिर स्थिती म्हणतात.

"येत्या वर्षी," तो म्हणाला, "आईंनी 'बघू' म्हणायचं नाही. हो तरी म्हणायचं, नाहीतर नाही."

मशीन थांबलं.

थोरल्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. ठाम माणूस ठाम बोलला होता. लोखंड तापलं होतं. "आई, मग सांग. दुकान कंपनीला द्यायचं?"

"नाही."

तो शब्द तिच्या तोंडून मुलांनी कधी ऐकला नव्हता. फार लहान होता.

"मी त्यांना काय सांगू?"

"हेच सांग. दोन अक्षरं आहेत."

"आई," हेडबाई पुढे सरसावली, "निदान काही महिने तरी दादाकडे राहशील?"

"नाही. तुझ्याकडेही नाही, म्हणजे तू मन मोठं करून विचारायच्या आधीच सांगते."

धाकटा खुर्चीत मागे रेलला. सून समाधानाने दात न दाखवता हसली. "वा," धाकटा म्हणाला. "म्हणजे सगळं जिथल्या तिथे. मी आपला आहे तसा वर."

"नाही," आई म्हणाली. "आहेस तसा नाही. आठ वाजता."

आईला गंमत वाटू लागली होती. इतकी वर्षं ती 'बघू' म्हणत आली, कारण 'हो' म्हटलं तर करावं लागतं आणि 'नाही' म्हटलं तर भांडावं लागतं. दुकानात तो शब्द चालून गेला, म्हणून तिने तो वर नेला. फक्त बाबांना फरक कळायचा. टाचणी मारता मारता म्हणाली तर हो, हात थांबवून म्हणाली तर नाही. त्या दिवशी थोरल्याने कंपनीचं विचारलं तेव्हा तिचा हात टाचणीवर होता. थोरला तितकासा चुकला नव्हता. हे ती कुणाला सांगणार नव्हती.

"एक विचारू, आई?" जावई म्हणाला.

"विचारा."

"हे सगळं तुम्हाला एकटीला जमणार आहे?"

आईच्या ओठांवर 'ब' आला. तो अगदी दिसला. तिने तो गिळला. शटरकडे पाहिलं, रांगेतल्या सुटांकडे पाहिलं, नाताळच्या आदल्या दिवशी आलेल्या, न उघडलेल्या गाठोड्यांकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

हा 'नाही' आधीच्यांसारखा नव्हता. युत्या आपापल्या जागी बसल्या होत्या, पण कुणाला आपली बाजू कोणती ते चटकन आठवेना. हेडबाईंनी पर्स मांडीवरून खाली ठेवली. सुनेने केकची सुरी पुसली, ती आधीच स्वच्छ होती.

शटरवर टकटक झाली. अर्ध्या उघड्या फटीतून आधी लाल विजार दिसली, मग पोट, मग वाकलेला एक म्हातारा. दाढी त्याच्या हातात होती. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानातला सांताक्लॉज. आई थकलेल्या सांताक्लॉजना ओळखायची. हा जुना होता.

"माफ करा, जेवताय का?" तो म्हणाला. बोलता बोलता त्याने लाल अंगरखा काढला. आत साधा स्वेटर होता. "आत्ताच सुटलो. एका पोराने चॉकलेटचे हात पुसले, आणि एक तर, काय सांगू, घाबरलंच. एकतीसला पुन्हा लागणार आहे. नवीन वर्षाच्या पार्टीला आता म्हणे सांताच हवा, त्यांना सणच कळत नाही. मिळेल का तोवर?"

सवयीने सगळे आईकडे पाहू लागले. आईने तोंड उघडलं आणि मिटलं. 'हो' म्हणायला खांदा तयार नव्हता. 'नाही' ती या काउंटरवर कधी म्हणाली नव्हती. जावई घसा साफ करणार होता, तेवढ्यात थोरला उठला. शर्टाच्या बाह्या त्याने कधी वर केल्या होत्या ते कुणाच्या लक्षात आलं नाही. थंडी वाजत असूनसुद्धा. त्याने म्हाताऱ्याच्या हातातून अंगरखा घेतला, उजेडात धरला, डाग अंगठ्याने चाचपला, अगदी बाबांसारखा, आणि म्हणाला,

"बघू."

"म्हणजे झालंच," सांताक्लॉज म्हणाला आणि दाढी खिशात कोंबून निघून गेला.

थोरला अंगरखा हातात घेऊन तसाच उभा राहिला. आपण कुठल्या मजल्यावरचं बोललो हे त्याला तपासून पाहायचं होतं, पण गिऱ्हाईक गेलं होतं.

"त्याला एकतीसला हवाय, दादा," धाकटा म्हणाला. "ऐकलंस ना?"

"ऐकलं. तू गरम पाणी काढ."

आईने टाचण्यांचा डबा टेबलावरून त्याच्याकडे सरकवला. बोलायला तिच्याकडे आता वर्षभर दोनच शब्द होते, आणि दोन्हींची तिथे गरज नव्हती.